सहाव्या वर्षी येणारी दाढ

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत!’ असं म्हणून किडलेल्या दुधाच्या दाढेकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, आणि पुष्कळ मुलांचे दात वेडेवाकडे होण्याची सुरुवात तिथेच होते. ती दाढ वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ मोकळ्या जागेत सरकते. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला मग जागाच उरत नाही. तो हिरडीतून बाहेरच्या अंगाला किंवा टाळूकडून डोकावतो. म्हणून दुधाची दाढ काढावीच लागली, तर ती जागा राखणारं ‘स्पेस मेंटेनर’ बसवायचं का, हे दंतवैद्यांना त्याच वेळी विचारावं.

मागून सरकणारी ही दाढ म्हणजे पहिली कायमची दाढ. साधारण सहाव्या वर्षी, कोणताही दात न पडता, ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. साहजिकच आईवडील तिला दुधाचीच समजतात. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्यातल्या दोषांचं वर्गीकरण केलं, ते वरखालच्या याच दाढा एकमेकींवर कशा बसतात हे पाहून. दाढा जागच्या जागी, पण पुढच्या दातांची दाटी, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा. यात बहुधा वरचे दात पुढे येतात आणि खेळताना पडलं की तेच आधी तुटतात. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा. सव्वाशे वर्षं झाली, तरी तपासणीची सुरुवात अजून इथूनच होते.

दात वेडेवाकडे होण्याच्या कारणांमध्ये आनुवंशिकता मोठी. पण चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं, नाक चोंदल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणं, यांनीही जबड्याची ठेवण बिघडते. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलाला आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. उलट, आठव्या-नवव्या वर्षी वरच्या दोन पटाशीच्या दातांत दिसणारी फट पाहून घाबरू नये. सुळे आले की ती बहुधा आपोआप मिटते.

तार लावल्यावर दात सरकतो कसा? दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. हलका दाब सतत पडला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हा वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून उपचाराला दीड-दोन वर्षं लागतात. घाईने जास्त जोर लावला तर मुळं झिजू शकतात. फट मिटवण्यासाठी घरीच दातांना रबर बँड लावणं तर महाभयंकर: ते हिरडीखाली सरकत जातं आणि चांगला दात निखळतो.

लग्न ठरल्यावर मुलीला घाईघाईने तार लावायला आणणारे पालक आजही दिसतात. पंचविशीत किंवा चाळिशीतही दात हलवता येतात, हे खरं. तारेऐवजी लावायचे पारदर्शक अलायनरही आता मिळतात. पण जबड्याची वाढ वळवता येते ती वयात येण्याच्या सुमारासच. ती वेळ टळली आणि दोष मोठा असला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं ‘रिटेनर’ न वापरल्यास दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकतात, हेही आधीच समजून घ्यावं.

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा, असं सांगते. आपणही तसंच करावं. खासगी खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत या उपचारांचे स्वतंत्र विभाग आहेत. सुट्टीत घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचं तोंड एकदा उजेडात नीट पाहा आणि त्याला दंतवैद्यांकडे घेऊन जा.