छोटी फाइल, अडलेला प्रिंटर

कोरलमध्ये केलेली लग्नपत्रिका. मागे गणपतीची फिकट छटा, नावांखाली सावली, कडेने वेलबुट्टी. फाइल एक एमबीचीही नाही. प्रिंट दिली की जुन्या लेझर प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहतो, आणि बऱ्याच वेळाने अर्धीच पत्रिका बाहेर येते. त्याच प्रिंटरवर चाळीस पानांचा करारनामा मात्र सुरळीत निघतो. दुकानात पहिला संशय टोनरवर जातो, दुसरा केबलवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात.

लेझर प्रिंटरने कागद एकदा आत ओढला की त्याला मध्ये थांबता येत नाही. डॉट मॅट्रिक्स पुढची ओळ येईपर्यंत वाट पाहू शकतो. इथे ड्रम फिरतच राहतो. त्यामुळे पानावरचा प्रत्येक ठिपका त्याची पाळी येण्याआधी तयार लागतो. 600 डीपीआयला ए-फोर पानावर जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात. एका ठिपक्याला एकच बिट धरला तरी चार एमबीहून जास्त जागा हवी. एचपीच्या 1984 च्या पहिल्या लेझरजेटमध्ये मेमरी होती 128 केबी. अख्ख्या पानाचं चित्र 300 डीपीआयलासुद्धा तिच्यात मावणं शक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी ॲपलने लेझररायटर आणला, दीड एमबी मेमरी आणि 12 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसह. ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा, त्याचा प्रोसेसर जेमतेम 8 मेगाहर्ट्झचा. मालकापेक्षा चाकर हुशार!

ही हुशारी लागायची ती ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्टसाठी. पोस्टस्क्रिप्टमध्ये पानाचं तयार चित्र जात नाही, ते काढायच्या सूचना जातात: इथून वक्ररेषा, तिथे भराव, हेच पुन्हा हजार वेळा. म्हणून फाइलचा आकार फसवा असतो. चार ओळींची सूचना लाखभर रेषा काढायला लावू शकते. त्यात पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता माहीतच नाही. पीडीएफने ती 2001 मध्ये, 1.4 या आवृत्तीत स्वीकारली. त्यामुळे पत्रिकेतली सावली छापायला पाठवताना सपाट करावी लागते, आणि ती जिथे जिथे वेलीवरून जाते तिथे तिथे बारीक तुकडे पडतात. मग एकतर मेमरी भरते किंवा कागद पुढे निघून जातो आणि ठिपके मागे राहतात. जुन्या लेझरजेटच्या पट्टीवर 20 किंवा 21 हा आकडा उमटतो तो याचसाठी: 20 म्हणजे मेमरी अपुरी, 21 म्हणजे पान वेळेत तयार झालं नाही.

अशा प्रिंटरला डोकं चालवायला लावायचं नाही, ते काम संगणकाने करायचं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘प्रिंट ॲज इमेज’ असतं. त्यावर खूण केली की पान संगणकावरच ठिपक्यांचं होऊन जातं. पण त्यात अक्षरंही चित्र होतात. 300 डीपीआयला बारीक टायपातले रफार आणि अनुस्वार बोथट दिसतात. अडलेल्या पानापुरताच हा उपाय करावा.

मला त्याहून कोरलमधला मार्ग पसंत आहे. अक्षरांना हात न लावता फक्त सावली आणि मागचा गणपती निवडायचा आणि ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ करायचं, ग्रेस्केलमध्ये, 200 डीपीआयला. 1200 कशाला नको? हा प्रिंटर करडा रंग छापतच नाही, काळ्या ठिपक्यांच्या दाटीतून त्याचा भास देतो. सहा बाय सहा ठिपक्यांच्या चौकटीत 36 ठिपके, म्हणजे कोऱ्यासकट 37 छटा. 600 डीपीआयला अशा चौकटी इंचाला शंभरच बसतात. इंचाला दोनशे बिंदू त्यांना पुरून उरतात. बाकीचा तपशील प्रिंटर टाकूनच देतो.

मेमरीची पट्टी वाढवता येत असेल तर वाढवावी. ड्रायव्हरमध्ये 600 ऐवजी 300 केलं तर ठिपके चौथाईवर येतात, आणि पोस्टस्क्रिप्ट सोडून पीसीएलचा ड्रायव्हर घेतला तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

आपल्याकडे दुकानांत सर्रास दिसणारे लेझरजेट 1020 आणि कॅनन एलबीपी 2900 मात्र वेगळ्या जातीचे. दोघांची मेमरी 2 एमबी. त्यांना सूचना वाचताच येत नाहीत. ठिपके संगणक करतो, दाबून लहान करतो आणि पाठवतो. 1020 तर चालू केला की स्वतःचं फर्मवेअरसुद्धा संगणकाकडून मागून घेतो. इथे ‘प्रिंट ॲज इमेज’ने फारसा फरक पडत नाही. दाट करड्या छटांचं पान नीट दाबलं जात नाही, अडतं ते तिथे. अशा वेळी मागची छटा पांढरी करणं किंवा निदान विरळ करणं हाच खरा उतारा.

एवढं करूनही अडलंच, तर फाइलची प्रत करून तिच्यातला अर्धा मजकूर उडवावा आणि प्रिंट द्यावी. निघाली तर दोषी उडवलेल्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा अर्धे करावेत. सापडतो तो बहुधा फोटोवरून ट्रेस केलेला लोगो: दिसायला रुपयाएवढा, आत हजारो नोड. तो काढून त्याजागी साधं स्कॅन केलेलं चित्र ठेवावं.