रत्नागिरीत एसी बदलताय? ‘मोठा घ्या’ हा सल्ला का फसतो, ते आधी वाचा

मे महिना. घरात पाहुणे, अंगणात आंब्याच्या पेट्या आणि नेमक्या त्याच आठवड्यात बेडरूममधला जुना एसी गार हवा द्यायचं थांबवतो. मेकॅनिक येऊन सांगतो, “कॉइल सडलीय, नवीनच घ्या.” दुकानात गेलं की पुढचा सल्ला तयार असतो, “दीड टनात भागत नव्हतं ना? मग या वेळी दोन टनाचा न्या.”

ऐकायला हे पटतं. पण रत्नागिरीसारख्या समुद्राकाठच्या शहरात हाच सल्ला महागात पडू शकतो. पैसे जास्त जातात, बिल वाढतं आणि अंगाची चिकचिक मात्र तशीच राहते. असं का होतं?

टन म्हणजे नक्की काय?

एसीचा टन म्हणजे त्याचं वजन नव्हे. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरायचे, तेव्हाचं हे माप आहे. एक टन (अमेरिकेतला २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॉट. दीड टन म्हणजे ५.३ किलोवॉट आणि दोन टन म्हणजे ७ किलोवॉट.

त्यामुळे खरा प्रश्न ‘खोली किती मोठी’ एवढाच नसतो. खोलीत उष्णता किती येते, हाही असतो. आणि कोकणात त्यात आणखी एक प्रश्न वाढतो, पाणी किती येतं?

नागपूरचा उकाडा वेगळा, रत्नागिरीचा वेगळा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम पाण्याची वाफ असते. रत्नागिरीत पारा ३२ अंशांवरच असतो, पण आर्द्रता ७० टक्के असेल तर तेवढ्याच हवेत २३ ते २४ ग्रॅम वाफ असते. तापमान १२ अंशांनी कमी, वाफ मात्र अडीच पटीहून जास्त!

म्हणूनच विदर्भात कूलर चालतो आणि कोकणात तो निरुपयोगी ठरतो. कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो. इथल्या हवेत ते आधीच भरलेलं असतं. घाम वाळत नाही, त्यामुळे ३२ अंशही नकोसे होतात.

एसीला इथे दोन कामं करावी लागतात. हवा थंड करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. दुसरं काम हलकं नाही. तासाला एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.७ किलोवॉट, म्हणजे टनाचा पाचवा हिस्सा क्षमता खर्च होते.

मग मोठा एसी का फसतो?

हवेतलं पाणी एसीच्या थंड कॉइलवर जमतं आणि थेंबाथेंबाने ड्रेन पाइपमधून बाहेर पडतं. त्यासाठी कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. गरजेपेक्षा मोठा एसी खोली काही मिनिटांतच ठरलेल्या तापमानाला आणतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. पंखा चालूच राहतो, त्यामुळे कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं.

परिणाम? रिमोटवर २४ अंश दिसतात, पण अंथरूण दमट लागतं. मग माणूस २० अंशांवर जातो. बिल वाढतं, आणि कपाटात बुरशी धरते ती वेगळीच.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. पण त्या वेगालाही खालची मर्यादा असते. लहान खोलीत दोन टनाचा इन्व्हर्टर बसवला तर तोही वारंवार बंद-चालू होतो.

एकाच मापाच्या दोन खोल्या

१२ बाय १२ फुटांच्या दोन खोल्यांचा ढोबळ हिशोब करून पाहू.

पहिली खोली तळमजल्यावर. वर दुसरं घर, खिडकी सावलीत, दारं-खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या. भिंती, खिडकी, आजूबाजूच्या खोल्या, दोन माणसं, टीव्ही आणि फटींतून येणारी हवा असं सगळं धरून उष्णता होते सुमारे १.६ किलोवॉट. अंदाज चुकण्याला भरपूर वाव ठेवला तरी एक टन पुरतो.

दुसरी खोली वरच्या मजल्यावर. तिथे पुढची भर पडते:

• उघडा तापलेला स्लॅब: सुमारे ९०० वॉट
• पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन: सुमारे ७०० वॉट
• जुन्या खिडक्यांच्या फटींतून येणारी जास्तीची दमट हवा: सुमारे ६०० वॉट

एकूण आकडा जातो ३.८ किलोवॉटवर. आता एक टन कमी पडतो, दीड टन लागतो. दोन टन मात्र इथेही लागत नाही.

म्हणजे ‘१२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन’ हा दुकानातला नियम फक्त सुरुवात करायला बरा. मजला कोणता, खिडकीची दिशा कोणती आणि फटी किती, हे विचारल्याशिवाय टन ठरत नाही.

आधी उष्णता अडवा, मग टन ठरवा

वरच्या तिन्ही गोष्टींवर एसीपेक्षा स्वस्त उपाय आहेत. स्लॅबवर पत्र्याची शेड किंवा पांढरा उष्णतारोधक रंग. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, कारण आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो. फटींना रबराची पट्टी. हे केलं तर दुसरी खोलीही एक टनाच्या जवळ येऊ शकते. स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे शेडचा फायदा झोपेच्या वेळीही मिळतो.

कौलारू घरात गोष्ट आणखी वेगळी. ब्रह्मदेशच्या नजरकैदेतल्या राजासाठी १९१० मध्ये बांधलेला थिबा पॅलेस पाहिला तर उतरती छपरं आणि मोठमोठ्या खिडक्या दिसतात. कोकणातल्या जुन्या घरांची रीत हीच, वारा आत घ्यायचा आणि खेळता ठेवायचा. एसीची रीत नेमकी उलटी आहे, त्याला बंद खोली हवी. कौलांखाली घट्ट सीलिंग न करता एसी लावला तर तो अख्ख्या आळीची हवा कोरडी करत बसेल.

आणि हीटिंगचं काय? ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेलसाठी रत्नागिरीत जादा पैसे मोजायची गरज नाही. इथली थंडी एका गोधडीत भागते.

दुरुस्ती की नवा?

आधी साध्या गोष्टी बघा. फिल्टर धुतला आहे का? बाहेरच्या युनिटची कॉइल धुळीने किंवा मिठाने भरली आहे का? अनेकदा गारवा एवढ्यानेच परततो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं.

कॉइल जागोजागी सडली असेल, कॉम्प्रेसर गेला असेल किंवा एसी जुन्या आर-२२ गॅसवरचा असेल, तर नवा घेणं शहाणपणाचं. हा गॅस ओझोन थराला घातक असल्यामुळे जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नवे एसी बहुतेक आर-३२ वर चालतात. जुन्या मशीनमध्ये तो भरता येत नाही.

खारी हवा, एसीचा खरा शत्रू

मांडवी, भाट्ये किंवा मिऱ्याच्या बाजूला घर असेल तर हा मुद्दा टनाइतकाच महत्त्वाचा. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे खारट ओल बसली की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतं. म्हणून गंजरोधक लेप असलेली कॉइल मागा आणि वॉरंटीत कॉइलचा गंज येतो का, हे लेखी बघा. बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट वाऱ्यात नको, पण बंदिस्त गॅलरीतही नको. वीज बंद करून ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

स्टँडही गंजतो. २०२० च्या ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळांनंतर या किनाऱ्यावर ते वेगळं सांगायला नको.

स्टार किती घ्यायचे?

स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते १,६०० तासांच्या वापरासाठी असतात. समजा, दोन मॉडेलांत २०० युनिटचा फरक आहे आणि तुमचा एसी वर्षाला ८०० तासच चालतो. मग बचत १०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला हजार रुपये. किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होतो, ते तुम्हीच ठरवा. रोज रात्री वापर असेल तर पाच स्टार परवडतो. फक्त पाहुण्यांच्या खोलीसाठी तीन स्टारही चालतो.

बसवताना हे पाच प्रश्न विचारा

१. तांब्याच्या नळ्या नव्या टाकणार का? आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो, जुन्या नळ्या चालवू नका.
२. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावणार का?
३. ड्रेन पाइपला सलग उतार आहे का?
४. वायरिंग आणि अर्थिंग तपासलं का? वीजबिलावरचा मंजूर भार पुरेसा आहे का?
५. जुना एसी कुठे जाणार? त्यातला गॅस हवेत न सोडता काढून घ्यावा लागतो, आणि मशीन नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा एक्सचेंजमध्ये द्यावं.

नवा एसी बसल्यावर एक सोपी परीक्षा घ्या. दमट दुपारी खोली बंद करून एसी दोन तास चालवा आणि ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. बादलीत पाण्याची संततधार दिसली तर एसी आपलं काम करतोय. खोली गार, पण बादली जवळपास कोरडी असेल, तर बसवणाऱ्याला त्याच दिवशी परत बोलवा.