विंडोज ११ घरात आलं, पण लॅपटॉपची किल्ली कोणाकडे आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ तसं ५ ऑक्टोबर २०२१ पासून बाजारात आहे, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत ते आत्ता कुठे येतंय. कोणी नवा लॅपटॉप घेतला म्हणून, तर कोणी अपडेटच्या सूचनेला कंटाळून शेवटी बटण दाबलं म्हणून. मी दुसऱ्या प्रकारातला. चार वर्षं 'नंतर बघू' करत होतो.

आधी पहिल्या काही दिवसांत काय जाणवलं ते सांगतो, मग मुख्य मुद्द्याकडे येतो. कारण मुख्य मुद्दा दिसण्याचा नाहीच आहे.

दिसायला विंडोज ११ छान आहे. स्टार्ट बटण मधे गेलंय, त्यामुळे दोन दिवस हात सवयीने डाव्या कोपऱ्यात जातो. (टास्कबारच्या सेटिंगमधून ते परत डावीकडे आणता येतं, मी पहिल्याच संध्याकाळी आणलं.) राइट क्लिक केलं की अर्धे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे लपलेले असतात, याचा मला अजूनही राग येतो. स्टार्ट मेनूत न मागितलेल्या ॲप्सच्या शिफारशी येतात. आणि वनड्राइव्ह! डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डरचा बॅकअप घेऊ का, असं ते इतक्या वेळा विचारतं की माणूस एकदा 'हो' म्हणून मोकळा होतो. फुकट जागा ५ जीबी. ती भरली की 'जागा संपली, पैसे भरा' सुरू. फोनवर गुगल फोटोजने जे केलं, तेच इथे.

तर गोष्ट अशी आहे की विंडोज ११ मध्ये कॉम्प्युटर बराचसा फोनसारखा झालाय. होम आवृत्ती सुरू करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते, जसा नवा अँड्रॉइड फोन गुगल अकाउंट मागतो. पिन किंवा चेहऱ्याने उघडते. आणि फोनसारखाच आतला सगळा डेटा कुलुपात ठेवते. हे शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं. माझ्या मावसबहिणीलाही नव्हतं.

४८ आकड्यांची निळी स्क्रीन

ती नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सुरू होताना नवीन लॅपटॉप घेतला. दुकानातल्या मुलाने 'ताई, सगळं सेट करून देतो' म्हणत अर्ध्या तासात विंडोज चालू करून दिलं, पिन टाकून दिला, चहासुद्धा पाजला. वर्षभर काही अडचण नाही. मग कीबोर्डची काही बटणं चालेनाशी झाली, म्हणून तिने जवळच्या एका रिपेअरवाल्याकडे दिला. त्याने कीबोर्ड बदलला आणि जाता जाता बायोसमध्ये जाऊन काहीतरी रीसेट केलं. घरी येऊन लॅपटॉप लावला तर निळी स्क्रीन: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडी.

तिने मला फोन केला. 'दादा, व्हायरस आलाय, पैसे मागेल का आता?' मी म्हटलं, व्हायरस नाही, विंडोजच आहे. तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की असेल. ती म्हणाली, 'माझं असं अकाउंटच नाही.'

अकाउंट होतं. दुकानातल्या मुलाने सेटअपच्या वेळी एक कामचलाऊ ईमेल बनवून टाकलं होतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसली होती. दुकानात गेलो तर तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, ईमेल कुठलं होतं ते कोणालाच आठवेना. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागलं. मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट वाचला, कारण पार्टनरला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. कोड गेला, वर्षभराच्या नोट्स गेल्या.

इथे गंमत बघा: चोरी झाली नाही, हॅकिंग झालं नाही. सुरक्षेने तिचं काम अगदी चोख केलं. फक्त मालक कोण, हे तिला चुकीचं सांगितलं गेलं होतं.

हे कुलूप चालतं कसं?

विंडोज ११ आलं तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो टीपीएम २.० वरून. ही एक छोटी सुरक्षा चिप, कधी मदरबोर्डवर वेगळी, कधी प्रोसेसरच्या आतच. ती नसेल किंवा प्रोसेसर जुना असेल (इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा, ढोबळमानाने) तर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ अधिकृतपणे देत नाही. चांगले चालणारे लॅपटॉप एका फटक्यात 'जुने' ठरले, लोक चिडले, आणि ते चिडणं चुकीचं नव्हतं.

पण चिप करते काय? सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, म्हणजे किल्लीशिवाय तो नुसता कचरा. किल्ली वॉचमनकडे. रोज सकाळी लॅपटॉप सुरू होताना वॉचमन बघतो: बायोस तोच आहे ना, सिक्युअर बूट चालू आहे ना, सुरुवातीचा प्रोग्राम कोणी बदलला नाही ना? सगळे चेहरे ओळखीचे असले की तो गुपचूप किल्ली देतो, तुम्हाला कळतही नाही. एखादा चेहरा बदलला, म्हणजे बायोसची सेटिंग बदलली, मदरबोर्ड बदलला, चिप रीसेट झाली, तर तो किल्ली देत नाही. मग एकच मार्ग उरतो, ती ४८ आकड्यांची राखीव किल्ली.

यामुळे फायदा काय? समजा लोकलमध्ये लॅपटॉपची बॅग गेली. पूर्वी चोर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचा आणि तुमचे फोटो, आधारची पीडीएफ, सगळं उघडायचं. विंडोजचा पासवर्ड असला तरी काही अडत नव्हतं. आता डिस्क काढून लावली तरी हाती काही लागत नाही. फोनमध्ये ही सोय आधीपासून आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचंच होतं. आणि सेकंडहँड फोन रीसेट केल्यावर जुन्या मालकाचं गुगल अकाउंट मागतो, तो अनुभव तुमच्यापैकी काहींना असेलच. लॅपटॉपवरचा प्रकार त्याच जातीचा, फक्त इथे डेटा पणाला लागलेला असतो.

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते आठवतंय? ते कॉम्प्युटर दुरुस्त करतानासुद्धा अनेक कंपन्यांच्या आयटीवाल्यांना हीच रिकव्हरी की शोधत बसावं लागलं. त्यामुळे मावसबहिणीने फार वाईट वाटून घेऊ नये, असं मी तिला सांगितलं. ती काही फारशी समजूत पटलेली दिसली नाही.

आजच बघून घ्या

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा, त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे का बघा. नवीन लॅपटॉपवर, किंवा विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर, ते बहुतेक वेळा आपोआप चालू झालेलं असतं. प्रो आवृत्तीत बिटलॉकर या नावाने सापडेल. चालू असेल तर घाबरून बंद करू नका. आधी 'अकाउंट्स'मध्ये जाऊन ईमेल कोणाचं आहे ते बघा.

ईमेल तुमचं असेल तर फोनच्या ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, 'डिव्हायसेस'मध्ये तुमचा लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकरच्या की बघा. ती वहीत लिहून ठेवा किंवा प्रिंट काढा. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल म्हणून ठेवू नका, नाहीतर घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल. की शेजारी एक आयडी दिसतो, तोही लिहा. निळ्या स्क्रीनवर तोच आयडी येतो, त्यावरून कुठली की टाकायची ते कळतं.

ईमेल दुकानदाराचं, मोठ्या भावाचं किंवा आधीच्या मालकाचं निघालं तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, कुलूप पूर्ण उघडेपर्यंत थांबा (लॅपटॉप चार्जिंगला लावून, मोठ्या डिस्कला वेळ लागतो), स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा, आणि मग पुन्हा चालू करा. नवी की तयार होऊन तुमच्या अकाउंटमध्ये येईल. रिपेअरला देण्याआधी हे झालेलं बरं, आणि रिपेअरवाल्याला सांगून ठेवा की बायोसला हात लावायच्या आधी फोन कर.

या कुलपाने काय अडत नाही

तुम्ही लॉगिन केलंत की कुलूप उघडं. त्यानंतर तुम्हीच एखादा घातक प्रोग्राम चालवलात तर वॉचमन काही करू शकत नाही, कारण पाहुणा तुमच्यासोबत आत आलाय. जानेवारी २०२२ च्या शेवटी विंडोज ११ च्या अपग्रेडची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टसारखी दिसणारी एक बनावट वेबसाइट नोंदवली गेली. एचपीच्या सुरक्षा टीमने ती शोधून काढली. 'डाउनलोड नाऊ' दाबलं की अवघ्या १.५ एमबीची झिप फाइल यायची, आणि उघडल्यावर तिची ७५३ एमबी व्हायची. इन्स्टॉलर भला मोठा, खराखुरा वाटावा म्हणून आत नुसतं भुसकट भरलं होतं. खरा माल होता रेडलाइन नावाचा प्रोग्राम, जो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कार्डांची माहिती उचलतो. टेलिग्रामवरचे 'फुल ॲक्टिव्हेटेड विंडोज ११' आणि यूट्यूबखालच्या लिंका याच वाटेने जातात. ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी 'डिफेंडर बंद करा' असं लिहिलेलं असतं. वॉचमनला सुट्टी द्यायला कोण सांगतं, याचा विचार करा.

फोन लिंक हे ॲप मला आवडलं. लॅपटॉपवरच फोनचे मेसेज, कॉल, फोटो. पण मेसेज म्हणजे ओटीपीसुद्धा. कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये प्रोजेक्टरवर बँकेचा ओटीपी चमकला तर? नोटिफिकेशन बंद ठेवा, आणि सायबर कॅफे किंवा मित्राच्या लॅपटॉपला फोन जोडू नका.

रिकॉलबद्दल तुम्ही ऐकलं असेल. दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारी ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली. सुरक्षा तज्ज्ञांनी दाखवून दिलं की सुरुवातीच्या आवृत्तीत ही सगळी माहिती सहज वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये पडून होती. मायक्रोसॉफ्टला ते लॉन्चच्या आधीच मागे घ्यावं लागलं. २०२५ मध्ये ते आलं, पण तुम्ही स्वतः चालू केलं तरच चालतं आणि उघडताना चेहरा, बोट किंवा पिन मागतं. तेही फक्त कोपायलट प्लस प्रकारच्या, किमान १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. तुमच्याकडे साधा लॅपटॉप असेल तर ही काळजी सोडा. माझ्याकडे असतं तरी मी बंदच ठेवलं असतं.

राहिला प्रश्न ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ घेतच नाही त्यांचा. जुगाड करून टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे, ब्राउझर आणि असाइनमेंटपुरतं काम असेल तर नक्कीच. विंडोज १० वरच राहायचं असेल तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा पर्याय येतो, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट मात्र लागतंच. ते बनवताना दुकानातल्या मुलाकडे लॅपटॉप देऊ नका, ईमेल स्वतःचं टाका.