‘इन’ म्हणजे ‘आत’, पण कशाच्या आत?

‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे वर, ‘अंडर’ म्हणजे खाली. शाळेत पाठ केलेला हा तक्ता खोटा नाही, पण टेबल-खुर्चीच्या पलीकडे गेलं की तो अपुरा पडतो. ‘इन लव्ह’, ‘अंडर प्रेशर’ समोर आलं की मुलं गोंधळतात आणि इंग्रजीची प्रीपोझिशन्स लहरी आहेत, घोकण्यावाचून इलाज नाही, असा समज करून घेतात. सगळ्यांत जास्त नुकसान या समजामुळे होतं.

खरं तर जागा सांगणारा शब्दच पुढे मनाच्या अवस्थेला लागतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या पुस्तकात हे उलगडून दाखवलं. संकट ही जणू एक बंदिस्त जागा, म्हणून माणूस ‘इन ट्रबल’ असतो आणि सुटला की ‘आउट ऑफ डेंजर’. ताबा वरून चालतो, म्हणून ‘अंडर कंट्रोल’. आपणही प्रेमात पडतो, संकटातून बाहेर येतो, दडपणाखाली वावरतो. अलंकारिक भाषा फक्त कवितेत असते, हा गैरसमजही इथेच मिटतो.

पण कल्पना जुळली म्हणजे शब्दही जुळतीलच, असं नाही. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ म्हणून जातो. इंग्रजीत ‘मॅरीड टू’. ‘डिस्कस’ या क्रियापदाला ‘अबाउट’ लागत नाही, ‘डिस्कशन’ या नामाला मात्र चालतं. ‘पासून’ने तर आपली पुरती फसगत होते. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स २०२०’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर टू इयर्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ तोंडात बसतं. यावर उपाय एकच : शब्द सुटा न शिकता जोडीदारासकट शिकावा.

‘अप’ दिसलं की ते प्रीपोझिशनच, हेही खरं नाही. ‘शी रॅन अप अ हिल’ म्हणजे ती टेकडी चढत धावली. इथे ‘अप अ हिल’ हा एक गट आहे. ‘शी रॅन अप अ बिल’ म्हणजे तिने बिल वाढवून ठेवलं. इथे ‘अप’ क्रियापदाला चिकटलेलं आहे. पडताळा सोपा आहे. ‘रॅन अ बिल अप’ म्हणता येतं, ‘रॅन अ हिल अप’ म्हणता येत नाही.

वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको, हा दंडकही अनेकजण अजून पाळतात. १६७२ साली कवी जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि पुढे व्याकरणाच्या पुस्तकांनी तो उचलून धरला. इंग्रजी बोलणारे मात्र आजही ‘व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?’ असंच विचारतात आणि ते पूर्णपणे बरोबर आहे. उत्तरपत्रिकेत अशा वाक्याचे गुण कापू नयेत.