'काहीतरी ज्ञानाचं द्या!' : सुट्टीतल्या वाचनाबद्दलचे गैरसमज

मे महिना लागला की गावोगावच्या वाचनालयांत उन्हाळी वाचन उपक्रमाचा फलक झळकतो. बालविभागाच्या कपाटांची कुलपं निघतात, अनामत नावापुरती घेतली जाते, मुलं सभासद होतात. आणि देवघेवीच्या टेबलापाशी हमखास एकच संवाद घडतो. मुलगा भुताच्या गोष्टींचं पुस्तक छातीशी धरून येतो. मागून आई किंवा बाबा ते त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “हे असलं नको हो मॅडम, काहीतरी ज्ञानाचं द्या.” मॅडम थोरांची चरित्रं, सामान्यज्ञान, संस्कारकथा असं काही पुढे करतात. पुस्तक घरी जातं आणि आठवड्याने परत येतं, पहिली चार-सहा पानं सोडता अगदी कोरं करकरीत. पुढच्या वेळी मुलगा येतच नाही. मग तेच आईबाबा चारचौघांत सांगतात, “आमच्याकडे वाचनाची आवडच नाही त्याला.”

आवड होती. ती तुम्हीच टेबलावर ठेवून आलात.

गैरसमज पहिला आणि सगळ्यांत चिवट: गंमत म्हणून वाचलेलं वाया जातं; सुट्टीत 'उपयोगाचं' वाचायला हवं

हा समज मुलांच्या काळजीतून येतो, हे मान्य. पण त्याला पुराव्याचा आधार नाही, आणि उलट बाजूला पुरावा भरपूर आहे.

अमेरिकेतल्या रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झेन या अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या 17 शाळांमध्ये एक प्रयोग केला. या शाळांमधली बहुतेक मुलं गरीब घरांतली होती. 852 मुलांना सलग तीन उन्हाळे दरवेळी 12 पुस्तकं दिली. पुस्तकं कोणती घ्यायची, हे मुलांनी स्वतः पुस्तक-जत्रेत फिरून ठरवलं. त्यांनी उचललेल्या पुस्तकांत गायक, नट, टीव्हीवरचे चेहरे यांच्यावरची पुस्तकं बरीच होती. म्हणजे आपल्याकडच्या पालकांनी 'हे असलं नको' म्हणून परत ठेवली असती, नेमकी तीच. ना शिकवणी, ना निबंध, ना प्रश्नपत्रिका. तीन वर्षांनी या मुलांची वाचनचाचणीतली कामगिरी पुस्तकं न मिळालेल्या 478 मुलांपेक्षा सरस निघाली. फरक प्रचंड नव्हता, पण उन्हाळी वर्गांना बसवून जेवढा पडतो साधारण तेवढा होता, आणि सगळ्यांत गरीब मुलांमध्ये तो अधिक दिसला. हा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला.

ब्रिटनमध्ये 1970 साली जन्मलेल्या मुलांचा पिढीभर पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या सुमारे 6000 जणांची माहिती ॲलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन यांनी तपासली. 10 ते 16 या वयात जी मुलं स्वतःच्या आनंदासाठी वाचत होती, त्यांची शब्दसंपत्ती आणि स्पेलिंग यांत जास्त प्रगती झाली. गणितातही झाली! अशा पाहणीतून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही, हे खरं. पण घरची परिस्थिती आणि आधीची हुशारी हिशेबात धरूनही हा संबंध टिकला, आणि पालकांच्या शिक्षणापेक्षा तो ठळक निघाला. 'गंमत म्हणून वाचून काय मिळणार?' असं विचारणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं.

असं का होत असेल? त्यासाठी तिसरीतल्या मुलाच्या शेजारी बसून पाहा. 'स्वातंत्र्यसंग्रामातील अग्रगण्य नेतृत्व' अशा ओळीवर तो बोट ठेवतो, जोडाक्षर फोडतो, पुन्हा जोडतो, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. सगळं लक्ष अक्षरं ओळखण्यात खर्च झालं. अर्थासाठी काही उरलंच नाही. तेच मूल 'दबक्या पावलांनी तो माडीवर गेला आणि एकदम चपापला' हे वाक्य झपाट्याने ओलांडतं, कारण माडीवर काय आहे ते त्याला कळायलाच हवं असतं. 'चपापला' हा शब्द त्याला कोणी समजावला नाही; प्रसंगानेच समजावला. अक्षरओळख हाताखालून आपोआप जायला लागते ती अशा पानांमागून पानं वाचूनच. आणि पानांमागून पानं वाचून होतात ती फक्त उत्सुकतेपोटी.

मालिकेतली पुस्तकं वाचणाऱ्या मुलांवर तर विशेष राग असतो. 'सारखं तेच तेच काय वाचतोस?' अहो, तेच तर हवं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकदा ओळखीचा झाला की पुढच्या पुस्तकात पात्रांची ओळख करून घ्यायला वेळ जात नाही. निम्मी वाट माहीत असते, त्यामुळे उरलेल्या निम्म्यात नवे शब्द पचतात. दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेचं तेच, आणि ना. धों. ताम्हणकरांच्या गोट्याचंही तेच.

'पण चित्रकथा? त्यात वाचायला असतंच काय?' हा पुढचा प्रश्न. हेज आणि ॲरन्स यांनी 1988 साली इंग्रजीत चक्क मोजदाद केली. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत दर हजार शब्दांमागे विरळ वापराचे शब्द सुमारे 17 निघाले. मुलांच्या पुस्तकांत ते सुमारे 31 होते, आणि कॉमिक्समध्ये 53. मराठीचे आकडे वेगळे येतील, पण कारण इथेही लागू आहे: लिहिलेली भाषा, मग ती कितीही 'फालतू' वाटो, घरातल्या बोलण्यापेक्षा समृद्ध असते. जेवणाच्या ताटावर आपण 'मीठ दे', 'आटप लवकर', 'मोबाईल ठेव' एवढंच बोलतो. 'हाहाकार', 'पाताळयंत्री', 'निद्रिस्त ज्वालामुखी' हे शब्द मुलाला चित्रकथाच देते.

आणि जरा आपल्या घरातच डोकावून पाहा. आज 'आमच्या वेळी वाचन होतं' असं सांगणाऱ्या आजोबांच्या पिढीतल्या किती जणांनी बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचले होते? अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या काही समीक्षकांसाठी नव्हेत. त्याच पोरांतली कित्येक पुढे गंभीर वाचक झाली. कुणीही थेट 'ज्ञानेश्वरी'पासून सुरुवात केली नव्हती, आणि चोरून का होईना, निवड त्यांची स्वतःची होती.

पटत नसेल तर कोणत्याही वाचनालयात जाऊन पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहा. भुताच्या, हेरगिरीच्या, विनोदी गोष्टींच्या पुस्तकांत चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली असते. शेजारच्या 'आदर्श बालक' छापाच्या पुस्तकात दोन तारखा असतात, त्याही सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर उलटा गैरसमज तयार व्हायचा. 'मुलांना पुस्तकांत सोडलं की झालं' हेही खरं नाही. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या मुलांना नुसती पुस्तकं दिली, त्यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना पुस्तकांसोबत मोठ्याने वाचण्याचा सराव आणि वाचलेलं समजून घेण्याच्या युक्त्या शिकवल्या, ती पुढे गेली. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. अशा मुलाला जाड पुस्तक देऊन 'आवडेल ते वाच' म्हणणं म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याला हवं चार ओळींचं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणि शेजारी बसणारं एक माणूस. निवड तिथेही त्याचीच, फक्त निवडायला ठेवलेली पुस्तकं त्याला झेपणारी असावीत. ग्रंथपालाचं कसब नेमकं इथे लागतं. 'ज्ञानाचं' पुस्तक शोधून देण्यात ते खर्ची घालू नका.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

'बक्षीस लावलं की मुलं वाचतात.' वाचतात, बक्षीस मिळेपर्यंत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रसिद्ध प्रयोग सांगतो की आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं, तर नंतर त्यांचं आपणहून चित्र काढणं कमी होतं. सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल ठेवली, तर मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधतील. द्यायचंच असेल तर पुस्तक द्या, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला द्या.

'सुट्टीत मुलं शिकलेलं सगळं विसरतात.' 'सगळं' नाही. घसरण किती, यावर संशोधकांतच मतभेद आहेत. पॉल व्हॉन हिपेल यांनी तर जुने आकडे परीक्षांच्या मोजणीतल्या दोषांमुळे फुगले असल्याचं दाखवून दिलं. भीती घालून वाचायला बसवू नका.

'घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे.' का बरं? तुम्ही कंटाळवाणा सिनेमा शेवटपर्यंत बघता का? फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी 1992 च्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यांत आहे.

'वाचता यायला लागलं, आता वाचून दाखवायची गरज नाही.' मुलाला ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून समजायला अजून काही वर्षं लागतात. चौथी-पाचवीपर्यंत तरी रोज वाचून दाखवा.

'मराठी गोष्टी वाचल्या तर इंग्रजी मागे पडेल.' अर्थ लावणं, पुढचा अंदाज बांधणं ही कौशल्यं एका भाषेतून दुसरीत जातात. जिम कमिन्स यांनी हे 1979 सालीच मांडलं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाने सुट्टीत मराठी वाचलं तर त्याचा फायदाच आहे.

'मराठीत मुलांसाठी आहेच काय?' बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. महाबळेश्वर-पाचगणीला सहलीला जाता, तेव्हा वाटेतल्या भिलारला उतरा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे.

'मुलांना कपाट उघडून दिलं तर पुस्तकं फाटतील.' फाटतील थोडी. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या 1931 च्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्रच पुस्तकं वापरासाठी असतात हे सांगतं. कार्यालयात त्यांची तसबीर लावायची आणि बालविभागाला कुलूप घालायचं, हे कोणत्या सूत्रात बसतं?

तेव्हा या सुट्टीत वाचनालयांनी एवढंच करावं: मुलांची पुस्तकं मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवावीत, एका वेळी एकाऐवजी तीन द्यावीत, न आवडलेलं दुसऱ्याच दिवशी बदलून द्यावं, आणि सारांश लिहून आणायला सांगू नये. पालकांनी मुलांना घेऊन यावं, वर्गणी भरावी आणि पुस्तक निवडून होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावं. हवं तर स्वतःसाठीही एखादं पुस्तक घ्यावं, आणि तेही ज्ञानाचंच असलं पाहिजे, असं मुळीच नाही.