हूल की खरं? कॉल करण्याआधीचे दोन प्रश्न

परभणीचं नाव काढलं की बाहेरचा माणूस म्हणतोच, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" हीच म्हण डोक्यात घेऊन मी गोव्यात एका कॅसिनोत पोकरला बसलो आणि एका कॉलमध्ये ४,००० रुपये घालवले. आजचा भाग त्याच डावावर.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा चुलतभाऊ. हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. त्यातून भारी पाच जुळवायची.

माझी गुलामांची जोडी होती. टेबलावर पहिल्या तीन पानांत दोन बदाम. मी दोनदा पैसे लावले, समोरच्या काकांनी दोन्ही वेळा तेवढेच लावले, गपचूप. पाचवं पानही बदाम पडलं आणि काकांनी एकदम ४,००० सरकवले. मध्ये आधीच ८,००० होते. मला वाटलं, काका हूल देतायत. मला घाबरवतात काय! केला कॉल. काकांच्या हातात दोन बदाम. फ्लश!

मी काय चुकलो? मी काकांचा चेहरा बघत बसलो. विचारायचे होते दोन प्रश्न.

पहिला: कॉल केवढ्याला पडतोय? ४,००० टाकून १२,००० मिळणार होते. म्हणजे असे चार कॉल केले, तीन हरलो आणि एक जिंकलो, तरी बरोबरी. समोरचा चारात एकदा तरी हूल देत असेल, तरच कॉल परवडतो. "शंभर टक्के थापा मारतोय" अशी खात्री लागतच नाही.

दुसरा: त्याची गोष्ट जुळते का? काका दोनदा गप्प, बदाम आला की जोरात. बदामाची वाट बघणारा माणूस अगदी असाच खेळतो. गोष्ट चोख जुळत होती. हूल देणाऱ्याची गोष्ट बऱ्याचदा मध्येच तुटते.

नुसता संशय मोठमोठ्यांनाही पुरत नाही. २००३ साली लास वेगासला वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या दोघांत सॅमी फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती. समोर ख्रिस मनीमेकर, पेशानं अकाउंटंट. हातात काहीच जुळलेलं नसताना त्यानं सगळे चिप्स पुढे ढकलले. फार्हाला संशय आला होता, तरी त्यानं पत्ते टाकले. जगज्जेता मनीमेकर झाला.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मी काकांची हूल पकडायला नाही, माझा इगो सांभाळायला कॉल केला. "हा मला येडं बनवतोय" असं वाटलं की हात आपोआप पुढे जातो. तेव्हाच थांबायचं.

आणि हो, मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या ॲप्सवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. शिकायचंच असेल तर दोस्तांसोबत शेंगदाणे लावून खेळा. हरलात तरी खायला उरतात!

भेटू पुढच्या भागात.