बसा, पण जागा बघून बसा!

खुर्चीसाठीची धावपळ आपल्याला काही नवीन नाही. पण एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा सामना प्रत्यक्ष बघायचं ठरवलंत ना, की खुर्चीची खरी गंमत कळते. तिकिटाच्या ॲपवर मधोमध इवलंसं कोर्ट, भोवती हजारो रंगीत ठिपके आणि आपलं बोट अधांतरी! कुठला ठिपका दाबायचा? थांबा. आधी थोडा मसाला घ्या, मग तिकीट.

माहीत आहे का, बास्केटबॉलची रिंग बरोब्बर १० फुटांवरच का असते? शास्त्र-बिस्त्र काही नाही हो! १८९१च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून टोपली १० फुटांवर. आता कठडा गेला, टोपलीही गेली. १० फूट मात्र जागचे हलले नाहीत.

आणि त्या बाल्कनीत बसायचं कोण? पब्लिक! टोपली अगदी हाताशी. आपल्या टीमचा बॉल असेल तर हळूच आत, समोरच्यांचा असेल तर टिचकी मारून बाहेर. या समाजसेवेला आवर घालायला टोपलीमागे जाळी आली. तोच आजचा बॅकबोर्ड. खेळाडूंच्या सोयीसाठी नव्हे, प्रेक्षकांच्या खोड्यांसाठी!

पुढे जाळीच्या जागी लाकडी फळी आली. लगेच मागच्या खुर्च्यांवरून ओरडा, ‘अहो, दिसत नाही!’ इंडियाना विद्यापीठाच्या जिममध्ये १९१७च्या सुमारास काचेचे बॅकबोर्ड बसले, ते याच तक्रारीमुळे. म्हणजे बॅकबोर्ड आला प्रेक्षकांना अडवायला आणि पारदर्शक झाला तोही प्रेक्षकांसाठीच. इतका पारदर्शक कारभार दुसरीकडे कुठे पाहिलाय?

आता सगळ्यात महाग ठिपका. कोर्टसाइड! पाय थेट लाकडी फ्लोअरवर, बुटांची चर्रचर्र कानात, शेजारी सिनेमावाले. लॉस एंजलिसमध्ये लेकर्सच्या सामन्यांना जॅक निकल्सन वर्षानुवर्षं याच रांगेत, गॉगल लावून. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तर या ओळीचं नावच पडलंय ‘सेलिब्रिटी रो’.

याच रांगेतून सामना फिरवता येतो, माहीत आहे का? म्हणजे उलट्या दिशेनंही! १ जून १९९४. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध इंडियाना पेसर्स, प्लेऑफच्या सिरीजमधला पाचवा सामना. कोर्टसाइडला दिग्दर्शक स्पाइक ली, तोंडाचा पट्टा सुरू. पेसर्सच्या रेजी मिलरनं ते मनावर घेतलं आणि एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २५ पॉइंट्स ठोकले. दर बास्केटनंतर वळून स्पाइककडे बघायचं, काहीतरी सुनावायचं, मध्येच स्वतःच्या गळ्याला हात लावून ‘घाबरलात ना?’ अशी खूण. निक्स हरले ९३–८६. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या पेपरांनी खापर फोडलं ते खेळाडूंवर नाही, खुर्चीवाल्यावर! नशीब, पुढचे दोन सामने जिंकून निक्सनी सिरीज काढली. नाहीतर बिचाऱ्या स्पाइकचं शहरात राहणं मुश्कील.

कोर्टसाइडला हेल्मेट देत नाहीत, हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०१५मध्ये क्लीव्हलँडला बाहेर जाणारा बॉल वाचवायला लेब्रॉन जेम्सनं झेप घेतली आणि तो थेट पहिल्या रांगेत बसलेल्या गोल्फपटू जेसन डेच्या पत्नीवर पडला. त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. शंभर किलोंहून जड चॅम्पियन मांडीवर आला तर सेल्फी निघत नाही.

आणि टीमचे मालक असलात तरी नियम नियमच! २०१९च्या फायनल्समध्ये कोर्टसाइडला बसलेल्या वॉरियर्स टीमच्या एका भागीदार मालकानं टोरंटोच्या काइल लाउरीला ढकललं. दंड पाच लाख डॉलर, शिवाय वर्षभर सामन्यांना बंदी. स्वतःच्याच टीमच्या घरात ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड!

खरं सांगू? खेळ ‘समजायला’ कोर्टसाइड ही काही खास जागा नाही. सगळं डोळ्यांच्या पातळीवर. दहा उंचाडे एकमेकांत मिसळतात, मध्येच रेफरी आडवा येतो, कोच उभा राहून हातवारे करतो. नाटकाला पहिल्या रांगेत बसलं की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो पण रंगमंचावरची मांडणी निसटते, तसंच. पैसे मोजायचे ते घाम बघायला आणि टीव्हीवर दिसायला.

टीमच्या बेंचच्या मागे? मोहाची जागा. टाइमआउटमध्ये कोच काय खरडतोय ते दिसेल असं वाटतं. दिसतात त्या पाठी! सॅन अँटोनिओचा व्हिक्टर वेम्बन्यामा कागदोपत्री ७ फूट ४ इंच आहे. असा गडी पुढ्यात आनंदानं उभा राहिला, की तुमच्या वाट्याला फक्त जर्सी.

उंचीवरून आठवलं! या लीगचा अगदी पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ला टोरंटोत झाला. गर्दी जमवायला ऑफर काय होती, माहीत आहे का? टोरंटो हस्कीज टीममधला सगळ्यात उंच खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड, ६ फूट ८ इंच. त्याच्याहून उंच असाल तर तिकीट फुकट! सूट मिळवणारे थोडे आणि त्यांच्या मागे बसून मान लांब करणारे जास्त. (हा दुसरा भाग आमचा अंदाज.)

चला, बास्केटच्या मागे. इथे तिकीट थोडं उतरतं, कारण अर्धा खेळ ९४ फूट लांब, पलीकडच्या टोकाला चाललेला असतो. पण जो अर्धा खेळ जवळ येतो, तो अंगावर येतो! डंक, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं, बघावा तर इथून. डॅरिल डॉकिन्स नावाच्या दांडगटानं नोव्हेंबर १९७९मध्ये कॅन्सस सिटीला डंक मारताना काचेचा बॅकबोर्ड फोडला. बरोबर २२ दिवसांनी फिलाडेल्फियात पुन्हा फोडला. त्याचं टोपणनाव ‘चॉकलेट थंडर’. या चॉकलेटचे तुकडे मात्र काचेचे. पुढे मुडपून परत जागेवर येणारी स्प्रिंगची रिंग रुळली, त्यामुळे आता मागे बसायला हरकत नाही.

बास्केटमागच्या मंडळींचं खरं काम मात्र वेगळंच. फ्री थ्रो मारणाऱ्याची नजर रिंगवर असते आणि रिंगच्या मागे कोण? आपण! ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी २०१३मध्ये यासाठी चक्क पडदा लावला. समोरचा खेळाडू नेम धरणार, तेवढ्यात पडदा उघडणार आणि आतून काहीतरी अचाट बाहेर येणार. जानेवारी २०१६मध्ये पडद्यामागून निघाला ऑलिम्पिकचा सुवर्णसम्राट मायकेल फेल्प्स, फक्त पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात मेडल्स! समोरच्याचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. हुकणार नाहीत तर काय?

ही आयडिया मोठी केली ती स्टीव्ह बाल्मरनं. मायक्रोसॉफ्टचे माजी बॉस, आता एलए क्लिपर्सचे मालक. २०२४मध्ये त्यांनी इंगलवुडला ‘इंट्युइट डोम’ उघडला. एका बास्केटमागे सलग ५१ रांगांची उभी भिंत, नाव ‘द वॉल’. इथे पाहुण्या टीमची जर्सी घालायला बंदी! आणि माहीत आहे का, या इमारतीत स्वच्छतागृहाची भांडी किती? ११००हून अधिक. रांगेत उभं राहून कुणाचा खेळ बुडू नये, ही मालकांची तळमळ. आमच्या मते ही अमेरिकन क्रीडाक्षेत्रातली सर्वांत लोकाभिमुख योजना आहे.

बास्केटच्या बाजूचा आणखी एक हिरो आपला देशी! टोरंटो रॅप्टर्सचे ‘सुपरफॅन’ नव भाटिया. भारतातून कॅनडाला गेलेले सरदारजी. १९९५मधल्या पहिल्या होम मॅचपासून २०२१च्या डिसेंबरात कोविड आडवा येईपर्यंत त्यांनी घरचा एकही सामना चुकवला नाही. २०१९मध्ये टीम जिंकली तेव्हा खेळाडूंसारखी चॅम्पियनशिप रिंग त्यांनाही मिळाली. टीम एका रिंगमध्ये बॉल टाकते, यांनी टाळ्यांवर दुसरी रिंग कमावली.

सीट झाली, आता हीट! बॉस्टनच्या जुन्या ‘गार्डन’मध्ये काही तिकिटं खांबामागची असायची आणि एसीचा पत्ता नव्हता. जून १९८४च्या फायनल्समध्ये आत ९७ फॅरनहाइट, म्हणजे ३६ सेल्सिअस. लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारला बेंचवर ऑक्सिजन मास्क लावावा लागला. नागपूरकरांनो, हसू नका. बॉस्टनकर डिसेंबरातल्या बर्फाला हसतात, आपण स्वेटर शोधतो.

लांब बसणाऱ्यांचा विक्रम ऐकायचाय? २०१०चा ऑल-स्टार सामना टेक्सासच्या आर्लिंग्टनला, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये. प्रेक्षक १,०८,७१३! कोर्ट तेवढंच, ९४ बाय ५० फूट. मागच्या रांगांनी डोक्यावरच्या अजस्र स्क्रीनवर सामना पाहिला असणार, म्हणजे टीव्हीच, फक्त पार्किंगचे पैसे देऊन.

उलट, सगळ्यात नशीबवान कोण? पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, चॉकलेटचं गाव, २ मार्च १९६२. विल्ट चेंबरलेननं एका सामन्यात १०० पॉइंट्स केले, आजवर न मोडलेला विक्रम. हॉलमध्ये माणसं ४,१२४ आणि सामन्याचं चित्रीकरण शून्य. त्या रात्री तिथली सगळ्यात वाईट खुर्चीसुद्धा जगातली बेस्ट होती.

आणि मुंबई? ४ ऑक्टोबर २०१९ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज भिडले, भारतातला पहिला एनबीए सामना. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले. पहिल्या दिवशीच्या खुर्च्यांवर कोण होतं, माहीत आहे का? शाळेतली पोरं, ३,०००हून जास्त! सामना ओव्हरटाइममध्ये गेला, पेसर्स १३२–१३१. एका पॉइंटचा थरार आणि तिकिटाचा भाव? पोरांना नाही विचारायचा.

बरं, मग बसायचं कुठे? एक गुपित घ्या. टीव्हीचा मुख्य कॅमेरा कोर्टच्या लांब बाजूला, मधोमध आणि बराच वर असतो. ज्यांना कुठलीही खुर्ची निवडता येते, त्यांनी ती निवडलीय! तिथून दहाही खेळाडूंची हालचाल उलगडते.

कोपऱ्यात बसवलं म्हणून रुसू नका. थ्री-पॉइंटची रेषा समोरून २३ फूट ९ इंच लांब, पण कोपऱ्यात फक्त २२ फूट. म्हणून टीम्सचे नेमबाज या कोपऱ्यात दबा धरून असतात. खालच्या मजल्याच्या कोपऱ्यात दहाव्या-पंधराव्या रांगेत बसलात, तर हा शिकारी तुमच्याच पुढ्यात. भाव मधल्या खुर्च्यांपेक्षा कमी, मजा फुल्ल. ही आमची आवडती जागा.

आणि बजेट तंग असेल तर? वरचा मजला घ्या, पण लांब बाजूचा, मध्यरेषेजवळचा. अगदी पहिली रांग टाळा, सुरक्षेचा कठडा बरेचदा नेमका डोळ्यांसमोर येतो. दुसरी-तिसरी रांग बेस्ट. वॉरियर्सच्या नेमबाज स्टेफ करीच्या सामन्याला तर लोक फक्त त्याचा वॉर्म-अप बघायला तासभर आधी हजर असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या वेळी वरच्या तिकिटावरही खाली कोर्टजवळ उतरू देतात. तेव्हा दरवाजे उघडताच आत शिरा, आधी खाली जाऊन करीला बघा, मग निवांत वर चढा.